नोव्हेंबर सगळेच बघतात, जून बघा: अमेरिकेतल्या पक्षात शिरायचं कसं

नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर आलं की दाराशी बऱ्याचदा एक टेबल मांडलेलं असतं. तिथे दोन-तीन आजीबाई मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन बसलेल्या असतात. माझ्या वेळच्या आजींनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. मी उभ्या उभ्या फॉर्म भरत गेले आणि एका चौकटीशी अडले: पक्ष कोणता?

मी मिरजेची. वडिलांनी पंचायत समितीच्या निवडणुकांत आयुष्यभर चपला झिजवल्या. पक्ष म्हटलं की मला वर्गणीची पावती, नेत्याचा फोटो आणि रात्री अकराला येणारा तालुकाध्यक्षाचा फोन आठवतो. सरकारच्या फॉर्मवर सरकार मला पक्ष विचारतंय हे मला चक्क अघोरी वाटलं. मी ‘कुठलाच नाही’वर खूण केली आणि आपण किती निःपक्षपाती, या आनंदात घरी आले. त्या खुणेचा अर्थ कळायला तीन वर्षं गेली.

आज मी न्यू जर्सीतल्या एका गावात माझ्या पक्षाच्या काउंटी कमिटीवर आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). पक्ष कोणता ते सांगणार नाही. दोन्हीकडची रचना सारखीच आहे, आणि दर उन्हाळ्यात नव्याने नागरिक झालेले आपले लोक मला तेच चार प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

आधी ती चौकट

इथे पक्षाचं सभासद होणं म्हणजे नोंदणीच्या फॉर्मवर खूण करणं. वर्गणी नाही, पावती नाही, कोणी मुलाखत घेत नाही. ही यादी सरकार ठेवतं, त्यामुळे पक्षाला तुमचं तोंड आवडलं नाही तरी तो तुमचं नाव खोडू शकत नाही. असं का, याचं मूळ जुनं आहे. 1787 साली लिहिलेल्या राज्यघटनेत पक्ष हा शब्दच नाही. लिहिणाऱ्यांना पक्ष म्हणजे रोग वाटत होता. 1796 मध्ये निरोप घेताना जॉर्ज वॉशिंग्टनने पक्षीय तेढीपासून जपा म्हणून सांगितलं, पण तोवर त्याच्याच मंत्रिमंडळातून हॅमिल्टन आणि जेफरसन यांचे दोन तट उभे राहिले होते. घटना गप्प, म्हणून पक्षांचे नियम राज्यांनी आपापल्या कायद्यात लिहिले. पन्नास राज्यं, पन्नास तऱ्हा. टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसभावाचा सल्ला आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालत नाही, कारण टेक्सासच्या फॉर्मवर ती चौकटच नसते.

प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी मतदारांनीच पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. न्यू जर्सीत ती जूनमध्ये होते आणि तिचे नियम असे आहेत. पक्ष लिहिला असेल तर जूनच्या प्रायमरीत फक्त त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. काहीच लिहिलं नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन ‘मला अमुक पक्षाची द्या’ म्हणता येतं, आणि त्या क्षणापासून तुमचं नाव त्या पक्षात लागतं. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर मात्र प्रायमरीच्या 55 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. हडसन नदी ओलांडली की न्यू यॉर्कात नियम याहून कडक. पेन्सिल्व्हेनियातही पक्षाबाहेरच्याला प्रायमरीत मत नाही. कॅलिफोर्नियात तर काँग्रेस (म्हणजे इथली संसद) आणि राज्याच्या पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. म्हणून पहिलं काम: आपल्या राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन आपलं नाव, पत्ता आणि पक्ष तपासा. दहा मिनिटं लागतात.

ग्रीन कार्डवाल्यांनी नीट ऐका. मोटार वाहन कार्यालयात परवाना काढताना मतदार नोंदणीविषयी विचारतात. नागरिक नसाल तर तिथे स्पष्ट नाही म्हणा आणि सही करण्याआधी कागद वाचा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ हा प्रश्न असतोच, आणि ‘चुकून झाली’ हे उत्तर फार महागात पडतं.

जून

पहिली तीन वर्षं मी फक्त नोव्हेंबरात मत दिलं. प्रायमरी म्हणजे उपांत्य सामना, खरा खेळ शेवटचा, असा माझा समज होता. मग एका वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुन्याची मतपत्रिका, पसरलं आणि मोजलं. सात जागांपैकी पाच जागांवर निकाल आधीच ठरलेला होता, कारण आमच्या गावात एकच पक्ष वर्षानुवर्षं जिंकतो. शाळेच्या पटांगणाचं काय होणार, पाण्याची पाइपलाइन कुठल्या गल्लीतून जाणार, हे ठरवणारी माणसं पाच महिन्यांपूर्वी, जूनच्या एका मंगळवारी निवडून झाली होती. मी तेव्हा बागेत टोमॅटोची रोपं लावत होते. नोव्हेंबरातलं माझं मत म्हणजे वरातीमागून घोडं.

ही गोष्ट फक्त आमच्या गावची नाही. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात 435 जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक मतदारसंघांत कोणता पक्ष येणार हे आधीच माहीत असतं. काही ठिकाणी सीमारेषा तशा आखल्यात म्हणून, काही ठिकाणी माणसंच तशी राहायला गेलीत म्हणून. तिथे खरी निवडणूक प्रायमरीच.

प्रायमरीला येतात किती? थोडे. सकाळी सहाला केंद्र उघडलं की ओळखीचेच चेहरे: निवृत्त शिक्षक, दोन अग्निशामक दलवाले, नगरपालिकेत ज्यांचं कोणीतरी आहे ते, आणि ती एक बाई, जी प्रत्येक निवडणुकीला कुत्रं घेऊन येते. या मूठभर लोकांच्या मताला किती वजन येतं ते पुढे कळेलच.

तिकीट कोण देतं?

आपल्याकडून आलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर ऐकून त्याचा विश्वास बसत नाही. तिकीट कोणीच देत नाही. पक्षाध्यक्षाच्या सहीचा एबी फॉर्म इथे नसतो. ज्याला उभं राहायचं तो ठरलेल्या संख्येने मतदारांच्या सह्या गोळा करतो, अर्ज भरतो आणि प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येतो. जो प्रायमरी जिंकेल तो पक्षाचा उमेदवार, पक्षाच्या नेत्यांना पटो न पटो.

बेळगावकडच्या श्री ठाणेदारांचं उदाहरण घ्या. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. 2020 मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात बऱ्याच उमेदवारांच्या गर्दीतून प्रायमरी जिंकली आणि वॉशिंग्टनला पोचले. कोणाच्या बंगल्यावर तिकिटासाठी रांग लावावी लागली नाही. स्वतःचा पैसा मात्र भरपूर लागला, तेही लपवण्यात अर्थ नाही.

ही दारं उघडी असल्यामुळे मोठमोठे नेतेही घरच्या मैदानावर पडतात. 2014 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून प्रायमरी हरले. 2018 मध्ये न्यू यॉर्कात जो क्राउली हरले. ते सभागृहातले डेमोक्रॅटांचे वरच्या फळीतले नेते, आणि क्वीन्स काउंटीच्या पक्षाचे अध्यक्षही तेच! हरवणारी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ अठ्ठावीस वर्षांची होती. आपल्याकडे अध्यक्षांना त्यांच्याच पक्षातल्या नवख्या मुलीने उमेदवारीतच पाडलं असं कोणी सांगितलं, तर वडील म्हणाले असते, बातमी नीट वाच.

पण नेते हात जोडून बसतात असंही नाही. न्यू जर्सीत त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. तिला इथे ‘लाइन’ म्हणत. मतपत्रिका तक्त्यासारखी छापायची. काउंटीच्या पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार, वर सिनेटरपासून खाली गावच्या कमिटीपर्यंत, एकाच स्तंभात सलग. बाकीचे पार कडेला, कधी मध्ये कोरे रकाने सोडून. त्या कोपऱ्याला लोक बॅलटचा सायबेरिया म्हणत. मतदार वरच्या ओळखीच्या नावावर बोट ठेवायचा आणि तसाच खाली उतरायचा. 21 पैकी 19 काउंट्यांत हे चालायचं. काउंटीचा पक्षाध्यक्ष ज्याला लाइन देईल तो जिंकल्यातच जमा. एबी फॉर्म नाही म्हणाले ना मी? हा त्याचाच चुलत भाऊ.

2024 मध्ये सिनेटला, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाला, उभ्या असलेल्या अँडी किम यांनी या छपाईवर दावा लावला. 29 मार्चला संघीय न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी लाइन थांबवली. किम नोव्हेंबरात सिनेटर झाले आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदाच बदलला. आता पदाप्रमाणे नावं येतात. त्या वसंतात आमच्या कमिटीच्या बैठकीला जी शांतता होती तशी मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली आहे. पक्षाची पसंती आजही नावाखालच्या घोषवाक्यातून कळते, पण आता मतदाराला प्रत्येक पदाशी थांबून नाव वाचावं लागतं.

काउंटी कमिटी: सगळ्यात खालची पायरी

गाव मतदान विभागांत वाटलेलं असतं. एकेका विभागात काही गल्ल्या. अशा प्रत्येक विभागातून दोन्ही पक्षांचे मतदार प्रायमरीत आपापल्या काउंटी कमिटीवर साधारण दोघांना निवडून देतात. पगार नाही, भत्ता नाही, गाडीवर पाटी नाही. म्हणूनच कितीतरी जागा रिकाम्या राहतात.

माझ्या विभागातली एक जागा रिकामी आहे, हे मला शेजारच्या इटालियन आजोबांनी सांगितलं. तोवर अर्जाची मुदत टळली होती. ते म्हणाले, मग नाव लिहून घे. मतपत्रिकेवर छापील नाव नसेल तर मतदार स्वतः नाव लिहू शकतो, आणि ते मत धरलं जातं. मी नऊ जणांना फोन केले, माझ्या नावाचं स्पेलिंग एसेमेसने पाठवलं. मला सात मतं पडली. नवव्या मैत्रिणीने माझं सासरचं आडनाव सोडून माहेरचं लिहिलं आणि आठवी विसरलीच. सात मतांनी मी अमेरिकेत निवडून आलेली लोकप्रतिनिधी झाले. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “सात? आपल्या वाड्यात त्याहून जास्त माणसं आहेत.”

या जागेवरून काय करता येतं ते सांगते. प्रायमरीनंतरच्या आठवड्यात कमिटी भरते आणि काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडते. ज्याच्याभोवती बाकीचे घुटमळतात त्याच्या निवडीत तुमचं मत. दुसरं त्याहून मोठं: राज्य विधिमंडळाचा सदस्य मुदतीच्या मध्येच गेला, वारला म्हणा किंवा राजीनामा दिला म्हणा, तर त्याच्या जागी तात्पुरता सदस्य त्याच्याच पक्षाचे कमिटी सदस्य बसवतात. म्हणजे एखाद्या हॉलमध्ये पेपर प्लेटवर पिझ्झा खाणारी दीड-दोनशे माणसं एक आमदार ठरवतात. तो आठवडा मजेचा असतो. एरवी तुमचं नाव न आठवणारे मुलांच्या परीक्षेची चौकशी करतात.

बैठकीचे दोन रिवाज आधीच शिकून जा. कोणी ठराव मांडला की दुसऱ्या कोणीतरी ‘सेकंड’ म्हणावं लागतं, नाहीतर ठराव तिथेच संपतो. माझी पहिली सूचना अशीच मेली, मला वाटलं सगळ्यांना मान्य आहे म्हणून गप्प आहेत. तेव्हापासून मी जाताना एक सेकंड म्हणणारा माणूस ठरवून जाते. आणि बैठक संपल्यावर लगेच घरी पळू नका. खरं बोलणं पार्किंगमध्ये होतं.

बाकी काम म्हणजे दारं वाजवणं. मोबाइलवर यादी येते: कोणत्या घरात आपल्या पक्षाचे कोण, गेल्या किती निवडणुकांना आले. मत कोणाला दिलं ते त्यात नसतं, फक्त दिलं की नाही ते असतं. पहिल्यांदा ती यादी बघून मी चरकले, कारण माझंही नाव होतं आणि प्रायमरीच्या रकान्यांत सलग तीन भोपळे होते. दार उघडलं की पुढच्या अर्ध्या मिनिटात नाव, गल्ली आणि कामाचं बोला. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

वरचे मजले

गाव, काउंटी, राज्य, आणि वर राष्ट्रीय कमिटी. कागदावर ही उतरंड दिसते, पण वरचा खालच्याला हुकूम देऊ शकत नाही. राष्ट्रीय कमिटी पैसा गोळा करते, मतदार याद्यांचं तंत्र पुरवते आणि चार वर्षांनी अधिवेशन भरवते. गावच्या उमेदवाराचं नाव तिला माहीतही नसतं.

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांच्या प्रायमरी आणि कॉकसमधून (कॉकस म्हणजे पक्षाच्या मतदारांनी बैठकीला जमून केलेली निवड) निवडलेले प्रतिनिधी ठरवतात. हे तुलनेने नवं आहे. 1968 मध्ये डेमोक्रॅटांचे ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्यानंतर नियम बदलले. आता डेमोक्रॅट मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटतात, पण 15 टक्क्यांची अट असते. रिपब्लिकन पक्ष बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे देतो. आमची प्रायमरी जूनमध्ये, तोवर बहुधा वरचं सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून वरच्या नावासाठी जागरण करू नका, खालची नावं वाचा.

निवडून आल्यावर पक्ष आपल्या माणसाला कितपत बांधून ठेवतो? फारसा नाही. व्हिप नावाचं पद आहे, पण व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. पक्षांतरबंदी कायदाच नाही. आमच्याच राज्यातले जेफ व्हॅन ड्रू 2018 मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, 2019 संपता संपता रिपब्लिकन झाले आणि त्याच खुर्चीत बसून राहिले. 2023 च्या ऑक्टोबरात आठ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांच्या बरोबरीने मत देऊन आपल्याच पक्षाचे स्पीकर केविन मॅकार्थी यांना खाली खेचलं. तीन आठवडे सभागृहाला स्पीकर नव्हता. सरकार पडलं का? नाही, राष्ट्राध्यक्ष वेगळे निवडलेले असतात, त्यांना धक्काही लागला नाही.

मग खासदार पक्षाला घाबरतच नाहीत का? घाबरतात, पण जूनला. किंवा ऑगस्टला, ज्या त्या राज्याच्या तारखेप्रमाणे. वायोमिंगच्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांनी 2021 मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. सभागृहातलं पक्षाचं पद काढून घेतलं तरी खासदारकी शाबूत राहिली. ती गेली 2022 च्या ऑगस्टमध्ये, वायोमिंगच्या प्रायमरीत, मतदारांच्या हातून. सकाळी सहाला येणाऱ्या त्या मूठभर लोकांना वॉशिंग्टन का भितं, ते यावरून समजून घ्या.

पक्षाला सभागृहात बहुमत मिळालं की सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं त्याच्याकडे जातात आणि कोणतं विधेयक मतदानाला येणार हेही तोच ठरवतो. तुमचा खासदार स्वभावाने कितीही स्वतंत्र असला, तरी तो कोणत्या बाजूला बसतो याला त्यामुळेच किंमत असते. तिसऱ्या पक्षाचं विचाराल तर 1992 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या रॉस पेरो यांनी देशभरात जवळजवळ 19 टक्के मतं घेतली आणि इलेक्टोरल कॉलेजात, म्हणजे राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींत, शून्य.

पैसे

दोन ओळींत. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. एच-वनवर असाल तर एक डॉलरही नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटायला मात्र हरकत नाही. 2025-26 मध्ये संघीय उमेदवाराला एका व्यक्तीला दर निवडणुकीला 3,500 डॉलरपर्यंत देता येतात, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळे धरून. 200 डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव, मालकाचं नाव, व्यवसाय, सगळं जाहीर होतं आणि कोणीही शोधू शकतं. ऑफिसातल्या लोकांना कळलेलं चालणार नसेल तर आधीच विचार करा.

अर्ज भरायचा तर

नाव लिहून घेण्याची मौज एकदाच ठीक. पुढच्या खेपेला रीतसर उभ्या राहा. फेब्रुवारीत नगरपालिकेच्या क्लार्ककडे जाऊन काउंटी कमिटीचा पिटिशन फॉर्म मागा आणि तुमच्या विभागाला किती सह्या लागतील तेही तिथेच विचारा. आकडा छोटा असतो. मुदत मार्चअखेरीच्या सुमाराला संपते, पण नेमकी तारीख क्लार्ककडूनच घ्या, शेजारच्या काकांकडून नको.

सही करणारा तुमच्याच विभागातला नोंदलेला मतदार हवा, दुसऱ्या पक्षाचा नको. नाव नोंदणीत आहे तसंच लिहायला सांगा, घरगुती नाव नको. आमच्या सोसायटीत सगळे ज्यांना बंडूकाका म्हणतात त्यांनी बंडू अशीच सही ठोकली होती. लागतात त्याच्या दुपटीने सह्या घ्या. माझ्या पहिल्या रीतसर अर्जातल्या तीन सह्या बाद झाल्या: एक बंडूकाकांची, एक अशा गृहस्थांची ज्यांचा पक्ष भलताच निघाला, आणि एक समोरच्या मैत्रिणीची. तिच्या खिडकीतून माझं स्वयंपाकघर दिसतं, पण विभागाची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध जाते.